मनगट

आवाज तसा काही मोठा नव्हता. वाळलेली शेंग बोटांत दाबली की होतो, तेवढाच. पण तो झाला आणि शेजारी उभे असलेले धाकटे सर, जे इतका वेळ सारखे बोलत होते, बोलायचे थांबले. समोरच्या पडद्यावर नाकाच्या मागची ती पिवळट पोकळी जशीच्या तशी होती. तिच्या हातातल्या चिमट्याच्या टोकात मात्र हाडाचा एक पापुद्रा आला होता, आणि जिथून तो निघाला होता तिथे एक भोक पडलं होतं. भोकाच्या कडेला फाटलेल्या कापडाच्या दशीसारखं काहीतरी लोंबत होतं. रक्त नव्हतं. रक्त कुठून असणार? टेबलावरचा देह एका म्हाताऱ्या बाईंचा होता. जिवंतपणीच त्यांनी स्वतःला शिकणाऱ्यांच्या हवाली करून ठेवलं होतं. सरांनी नाकात घातलेली दुर्बीण जरा पुढे नेली, भोकात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "कॅरॉटिड. बाई गेल्या." मग थोडं थांबून, "दुसऱ्यांदा." पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. तीही हसली. न हसण्यासारखं काही झालेलं नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून हसली. मग चिमट्यातला पापुद्रा कुठे ठेवावा ते तिला कळेना. तिने तो हलकेच ताटलीच्या कडेला ठेवला, जसा काही परत लावायचा होता.

"उद्या भेटू, मोठ्या मॅडम," सर जाताना म्हणाले. शिकायला आलेल्यांत ती वयाने सर्वांत मोठी, म्हणून मोठ्या मॅडम. सर तिच्यापेक्षा बरेच लहान. कवटीच्या तळाची ऑपरेशनं नाकातून करायची विद्या त्यांनी या हॉस्पिटलात आणली, तेव्हा कान-नाक-घशाच्या विभागातली ती सर्वांत जुनी सर्जन होती आणि तिनेच सगळ्यांआधी हात वर केला होता. नवरा तेव्हा म्हणाला होता, "म्हातारपणी शाळेत नाव घालतेयस. डबा द्यायचा का रोज?" गेलं वर्षभर ती सरांच्या शेजारी उभी राहून दुर्बीण धरत आली होती. या कामाला दोन माणसं आणि त्यांचे हात लागतात. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने काम करायचं, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे न बघता पडद्याकडे बघायचं. अरुंद स्वयंपाकघरात दोन जावांनी न बोलता स्वयंपाक उरकावा तसं. उद्या, जिवंत माणसावर, पहिल्यांदाच दुर्बीण सरांच्या हातात असणार होती आणि काम तिच्या. रोगी तिचा होता, एक बसचालक. आणि आज तिने कॅरॉटिड फोडली होती, मानेतून वर मेंदूला रक्त नेणारी धमनी.

वॉर्डात डोकावल्याशिवाय घरी जाता येणार नव्हतं. बसचालक खाटेवर पाय खाली सोडून बसला होता, बस थांब्यावर लावून प्रवाशांची वाट बघत असल्यासारखा. त्याची बायको डावीकडे उभी होती, म्हणजे त्याच्या दृष्टीने कुठेच नव्हती. त्याला समोरचं स्वच्छ दिसे, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं होतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना भेटतात तिथे, पिट्युटरी ग्रंथीवर एक गाठ वाढली होती आणि खालून त्या नसांना रेटत होती. महिन्याभरापूर्वी तो तिच्याकडे आला होता तो कानात दडे बसतात म्हणून. कान तपासता तपासता तिने बाजूचा दिवा ओढायला हात लांब केला, आणि तो हात त्याच्या गालाला लागेपर्यंत तो दचकला नाही. बाजूला हात आला की माणूस आपोआप पापणी हलवतो. याची हलली नाही. तिने तसाच हात हवेत धरून विचारलं, "बोटं किती?" तो समोर बघत म्हणाला, "कुठली बोटं?" नंतर डोक्याचे फोटो काढले, गाठ दिसली. तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे बस धुवायला आणली आणि इंजिनच गेलंय म्हणायचं." हसला होता. आणि मग, हसणं ओठांवर तसंच ठेवून, "तुम्हीच करणार ना?"

"मी असेन तिथे," ती म्हणाली होती. त्याने ते हो असं ऐकलं. त्याने तसं ऐकलंय हे तिला तेव्हाच कळलं होतं, आणि ते तिला आवडलंही होतं.

आता त्याची बायको विचारत होती, "नाकातून जाणार म्हणताय, तर यांचा वास जाईल का हो?"

"थोडे दिवस येणार नाही. मग येतो बहुतेकांना परत."

"नाही आला तरी चालेल. निदान भाजी जळली हे दारातूनच ओरडत येणार नाहीत."

"जळते म्हणून ओरडतो," बसचालक समोरच्या भिंतीला म्हणाला. "मॅडम, उद्या किती वाजता सुटणार आपण?"

तिने वेळ सांगितली. हे आपण कुठून कुठे सुटणार, असं तिच्या मनात आलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो नेमका बाजूने ठेवला आणि तो दचकला.

रस्त्यावर आल्यावर तिला समजलं की आपण उजवा हात कोटाच्या खिशात घालून चालतोय, जसा तो कुणाला दाखवायचा नाही. संध्याकाळ होती. दुकानांचे दिवे लागत होते. एक फळवाला पेरूसारखं काहीतरी देठापासून वेगळं करत होता. बोटांत धरून, किंचित फिरवून, आणि मग अलगद. तिने नजर वळवली. तसंच तर केलं होतं तिने. चिमट्यात ती भिंत धरली आणि मनगट फिरवलं. आपण फिरवतोय हे तिला फिरवून झाल्यावर कळलं. नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या तळाशी, ती पोकळी असते. तिच्यात एक पातळ हाडाची भिंत असते. पडद्यावर ती अगदी मधोमध दिसते. घराच्या दोन खोल्यांमधली असावी तशी शहाण्यासारखी उभी. ही मधली, असं बघणाऱ्याला वाटतं. पण ती वळत वळत मागे जाते आणि पुष्कळांच्या बाबतीत नेमकी धमनीवरच्या पातळ हाडावर जाऊन टेकते. तिला मुरगळलं तर ती एकटी येत नाही. हे तिला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, सरांच्या तोंडून ऐकलं होतं, वर्षभर दुर्बिणीतून पाहिलं होतं, धाकट्या डॉक्टरांना स्वतः समजावून सांगितलं होतं. फक्त मनगटाला कुणी सांगितलं नव्हतं.

मनगटाला दुसऱ्या कुणीतरी शिकवलं होतं. थोरले सर. ती नाकाला पहिल्यांदा हात लावणार होती तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले होते, आणि त्यांनी आपला जाड, उबदार पंजा तिच्या मनगटावर ठेवला होता. "ओढायचं नाही, बाळ. ओढलं तर सोबत काय येईल सांगता येत नाही. धरायचं, मुरगळायचं, आणि त्यालाच यायचं असेल तेव्हा येऊ द्यायचं." नाकातल्या मऊ गाठी अशाच काढायच्या असतात. थोरल्या सरांना प्रत्येक शिकाऊ डॉक्टर बाळच असे, मिशीवालासुद्धा. पुढे किती नाकं झाली. ती धरत गेली, मुरगळत गेली, आणि गाठी येत गेल्या, देठासकट, जवळपास रक्त न सांडता. "हात हलका आहे तुमचा," लोक म्हणत. तो हलकेपणा त्या फिरकीत होता. ती फिरकी तिची नव्हतीच खरं तर, दिलेली होती. आता थोरले सरही हयात नव्हते, की जाऊन विचारावं, सर, हे मला पुसायचंय, कसं पुसू? शिकायचं कसं हे तिला येत होतं. शाळेत होती तेव्हापासून येत होतं. आलेलं घालवायचं कसं, हे मात्र तिला कधी करावंच लागलं नव्हतं. आणि मनगटावरची ती ऊब गेली तर हातात काय उरेल, अशीही एक भीती होती. ती भीती तिने नीट बघितली नाही. शेजारून जाऊ दिली.

किल्ली. दारापाशी उभी राहून तिने किल्ली कुलपात घातली, आणि फिरवण्याआधी थांबली. हात बघत राहिली. आतून मुलीने दार उघडलं तेव्हा ती तशीच उभी होती.

"आई, तू बाहेर काय करतेयस?"

"आत येतेय."

"येत नव्हतीस. मी भोकातून बघत होते."

घरात अंड्यांचा वास होता. तोही तिचाच उद्योग. कच्च्या अंड्याचं कवच बारीक ड्रिलने घासत जायचं, इतकं की आतली पातळ साय दिसावी पण फाटू नये. कवटीचं हाड धमनीवरून असंच उतरवायचं असतं, म्हणून सरांनी सगळ्यांना घरी करायला सांगितलं होतं. तिने जेवणाच्या टेबलावर दिवा लावून कितीतरी अंडी घासली होती. फुटलेली नवरा तळून टाकी. न फुटलेल्यांना मुलीने रंगाने खिडक्या काढल्या होत्या, पडदे काढले होते, आणि एकीत घर रिकामं आहे असं लिहिलं होतं. सुरुवातीला नवरा रोज विचारी, "आज पास का नापास?" नापास जास्त असली की ऑम्लेट मोठं होई. गेले काही दिवस सगळी पास होत होती. घरात ऑम्लेट बंद झालं होतं. आज मात्र तो साधी, न घासलेली अंडी फोडून तळत होता.

"कसं झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे बाई गेल्या."

तो वळला. त्याला क्षणभर खरीच कुणी गेली असं वाटलं. मग तिने सांगितलं, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास तिला टोचला. "अगं, मेलेल्या होत्या ना पण?" तो म्हणाला. "त्यासाठीच तर असतात त्या."

"हो."

"आणि उद्या तू तसं करणार नाहीस."

"आजही करणार नव्हते."

त्याने गॅस बारीक केला. मुलगी मुरंब्याची बरणी घेऊन आली. झाकण घट्ट बसलं होतं. "आई, काढून दे." तिने बरणी घेतली, झाकणावर बोटं बसवली, आणि मनगटात ती जुनी ओळखीची हालचाल चढत येताना तिला जाणवली. शिंक येण्याआधी जाणवते तशी. तिने बरणी नवऱ्यापुढे सरकवली. "तू काढ."

"आजपासून झाकणं माझ्याकडे का?" तो म्हणाला. पण त्याने काढून दिलं, आणि मग तिच्याकडे न बघता, टेबल पुसत, हळूच, "नको असेल तर सांग की त्यांना. तुझ्यावर कुणी बंदूक नाही धरलेली."

आपला हात टेबलाखाली आहे आणि तो तिथे गोल फिरतोय, झाकण नसलेली बरणी उघडत असल्यासारखा, हे तिला त्याच वेळी कळलं. जेवताना तिने चमचा डाव्या हातात घेतला. मुलीने पाहिलं आणि तिनेही डाव्या हातात घेतला. मग दोघींचं सांडायला लागलं. नवरा म्हणाला, घरात सर्जन असल्याचा हा एक फायदा. ते हसले. हसताना तिला ती दशी दिसली, भोकाच्या कडेला लोंबणारी. ती गुलाबी नव्हती, पांढरीही नव्हती, धुऊन धुऊन विटलेल्या परकराच्या नाडीच्या रंगाची होती. त्या बाईंनीही कधी बरण्या उघडल्या असतील. कुणीतरी त्यांना आई म्हणून हाक मारली असेल, आणि त्या आत येतेय म्हणाल्या असतील.

सकाळी कपडे बदलायच्या खोलीबाहेर सर भेटले, हिरव्या टोपीत, हातात चहाचा कागदी कप. रात्रभर जुळवलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं. "सर, आज दुर्बीण मी धरते. हात तुमचा."

"का?"

"काल..."

"काल काय? बहुतेकांची मोडते ती भिंत." त्यांनी चहा फुंकला. "मी मुद्दामच त्या टेबलावर आधी सावध करत नाही. ज्याची काल मोडत नाही ना, त्याला मी आज हात लावू देत नाही. पलीकडच्या टेबलावरचा तो हसला होता काल, त्याची नाही मोडली. तो अजून सहा महिने दुर्बीण धरेल."

हे ते प्रत्येकालाच सांगत असतील का, असं तिला वाटलं. बरं वाटलंच नाही. मोडलेल्याला पास करायची ही कुठली परीक्षा? "मला ठाऊक होतं, सर," ती म्हणाली. "भिंतीचं मला सगळं ठाऊक होतं. तरी हात गेला. आज जाणार नाही कशावरून?"

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच, पडद्याकडे बघायची सवय असल्यामुळे. "काल हात गेला तेव्हा तुम्हाला कधी कळलं? आवाज झाल्यावर?"

"फिरवून झाल्यावर. आवाजाच्या जरासं आधी."

"आज?"

तिने खाली पाहिलं. उजवा हात खिशात होता. खिशातसुद्धा तिला ठाऊक होता, अंगठा कुठे आहे, करंगळी कुठे आहे. काल संध्याकाळपासून तो क्षणभरही तिच्या नजरेआड झाला नव्हता. दुखऱ्या दातासारखा.

"चहा घ्या अर्धा," सर म्हणाले. "पूर्ण नको. थरथर होते."

थिएटरात बसचालक आधीच झोपला होता. तोंडावर हिरवं कापड, त्यातून फक्त नाक. एवढ्याशा दारातून जायचं होतं. पडद्यापलीकडे खुर्चीवर मेंदूवाले सर्जन पाय पसरून बसले होते. त्यांची पाळी गाठीपाशी पोचल्यावर. "या नाकवाल्यांचा रस्ता होईपर्यंत आमची झोप होते," ते सिस्टरला म्हणाले. सिस्टर म्हणाली, "घोरू नका फक्त. पेशंट जागा होईल." सरांनी दुर्बीण आत घातली आणि पडद्यावर ते ओलं, गुलाबी, जिवंत आतलं घर उलगडलं. कालच्यासारखं पिवळट नाही. सगळं हलकं हलकं हलत होतं. श्वासाने की नाडीने, सांगता येऊ नये इतकं. तिने काम सुरू केलं. रस्ता तिच्या पायाखालचा होता, इथल्या वळणांवर ती हजार वेळा आली होती. जागा झाली, पुढची भिंत उघडली, ड्रिलची घरघर, पाण्याची धार, सक्शनचं सुरसुरणं. सर एकदाही बोलले नाहीत. दुर्बीण तिच्या हाताच्या अर्धा क्षण आधी तिथे पोचत होती. आणि मग ती पोकळी उघडली, आणि तिच्यात, अगदी मधोमध, शहाण्यासारखी, ती भिंत.

हातात चिमटा होता. तो तिने कधी मागितला हे तिला आठवेना. ड्रिल हवं होतं, चिमटा नव्हे. तरी तोच होता. सिस्टरने सवयीने दिला आणि हाताने सवयीने घेतला. चिमट्याने भिंत धरली. छान धरली, दोन्ही जबड्यांत नीट. आता फक्त. मनगटावर ऊब आली. जाड पंजा, तंबाखूचा बारीक वास. मुरगळायचं, बाळ. ती ऊब इतकी खरी होती, की तिला वळून बघावंसं वाटलं. वळता येत नव्हतं. पडद्यावर भिंत थांबली होती, दुर्बीण थांबली होती. धाकटे सर बोलत नव्हते. ते बोलणार नाहीत, हे तिला कळून चुकलं. आणि हालचाल कोपरातून निघून खाली येऊ लागली, तिला ती येताना दिसली, काल दिसली नव्हती, आज पूर्ण दिसली. जिन्यावरून ओळखीचं माणूस उतरताना दिसावं तशी, पायरी पायरी. ती त्या हालचालीकडे बघत राहिली. सर, थांबा, ती मनात म्हणाली. त्याला यायचं असेल तेव्हा येऊ द्यायचं, असं तुम्हीच म्हणाला होता ना? याला यायचं नाहीये.

तिने चिमटा उघडला. भिंत होती तिथेच राहिली.

"डॉपलर," ती म्हणाली. सिस्टरने पेनासारखी ती बारीक नळी दिली. टोक हाडाला लावलं की आत धमनी असेल तर यंत्र तिचा आवाज ऐकवतं. कालच्या बाईंना आवाज नव्हता, म्हणून काल ते यंत्र बंद होतं. तिने टोक आधी डावीकडे लावलं. नुसती खरखर. उजवीकडे लावलं, आवाज थोडा, लांबून. मग भिंत धरून धरून, पडद्यावर मधली दिसणाऱ्या त्या भिंतीच्या मुळाशी नेऊन टेकवलं, आणि खोली भरून गेली. शूऽप, शूऽप, शूऽप. एखादा मोठा माणूस अंधारात अगदी कानाशी श्वास घेत असावा तसा. खुर्चीवरचे मेंदूवाले उठून बसले. ती ऐकत राहिली. आयुष्यभर ती लोकांच्या कानांत बघत आली होती. इतकं ऐकलं मात्र नव्हतं.

"ड्रिल," ती म्हणाली, आणि मग अंड्यासारखं. जोर न देता, बाजूबाजूने, पाणी सोडत, भिंत वरून खाली खाली उतरवत नेली. ती पातळ झाली, मग लहान झाली, मग नुसता एक खुंट उरला, पेन्सिलीच्या टोकाएवढा, त्या आवाजावर उभा. तिने ड्रिल थांबवलं.

"थोडं राहिलंय," सर म्हणाले. ऑपरेशन सुरू झाल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

"राहू दे."

दुर्बीण क्षणभर त्या खुंटापाशी रेंगाळली. मग पुढे गेली. "या, साहेब," सर पडद्यापलीकडे म्हणाले, "रस्ता झाला." मेंदूवाले उठले, हात पुढे धरून आले, आणि ती बाजूला झाली. खोलीच्या भिंतीला टेकून तिने उजव्या हाताकडे पाहिलं. तो स्वस्थ होता. त्याचा तो स्वस्थपणा तिला आवडला नाही. काहीतरी लपवून बसलेल्या मुलासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसचालक उशीला टेकून बसला होता. नाकात कापूस, आवाज डब्यातून आल्यासारखा. बायको डावीकडे उभी होती, आणि तो मान न वळवता तिला सांगत होता, "पदर सरळ कर, लोळतोय." ते ऐकून ती दारातच थांबली. मग आत गेली, खाटेच्या कडेला उभी राहिली, त्याला समोर खिडकीकडे बघायला सांगितलं, आणि उजवा हात बाजूला लांब केला, जिथे महिन्याभरापूर्वी त्याच्यासाठी काहीच नव्हतं तिथे. दोन बोटं वर केली.

"बोटं किती?"

तो खिडकीकडे बघत होता. पापण्या हलल्या. "दोन," तो म्हणाला. बायकोने तोंडावर हात नेला. आपला लांब केलेला हात तिने तसाच धरून ठेवला, खात्री व्हावी म्हणून.

"आणि आता?"

"दोनच आहेत," बसचालक समोर बघत म्हणाला. "पण मॅडम, हात असा गोल गोल का फिरवताय?"